धुराड्याचें माप

घर बांधतांना माणूस दिवाणखान्याची लांबीरुंदी दहा वेळां मोजतो; परंतु स्वयंपाकघरांतील धूर बाहेर जाण्याच्या वाटेचें माप काय असावें, हा प्रश्न तो बहुधा गवंड्यावर किंवा दुकानदारावर सोंपवितो. हल्लीं शहरांतील गृहिणी गॅसच्या शेगडीवर विजेची चिमणी बसविण्यास निघाली, म्हणजे तिलाही बहुधा एकच सल्ला मिळतो : परवडेल तितकी मोठी घ्या. हा सल्ला नवा नाहीं. युरोपांतील गवंड्यांनीं तो कित्येक पिढ्या प्रमाण मानला आणि त्याचें प्रायश्चित्त घरोघरच्या डोळ्यांनीं व फुप्फुसांनीं भोगलें. धुराड्याचा इतिहास म्हणजे ‘मोठें तें चांगलें’ हा समज हळूहळू सुटत गेल्याचा इतिहास होय.

प्रारंभीं धुराडें नव्हतेंच. चूल जमिनीवर पेटे आणि धूर छपराच्या फटींतून वाट काढी. आपल्याकडील कौलारू घरांचे काळवंडलेले वांसे याच काळाची साक्ष देतात. पुढें मोठ्या वास्तूंत धुराला मुद्दाम वाट करून देण्यांत आली. इंग्लंडांत ग्लास्टनबरी येथें मठाधिपतीचें चौदाव्या शतकांतील मुदपाकघर आजही उभें आहे. तें बाहेरून चौकोनी आणि आंतून अष्टकोनी असून त्याच्या चार कोपऱ्यांत चार अग्निस्थानें आहेत, आणि उंच दगडी छपराच्या शिखरावर धूर व वाफ जाण्यासाठीं झरोक्यांचा मनोरा आहे. तेथें सबंध छप्परच जणूं एक प्रचंड धुराडें झालें होतें. शेंकडों माणसांचें अन्न शिजविणाऱ्या मुदपाकखान्यास तें शोभलें. पण सामान्य गृहस्थांच्या घरींही धुराड्यांचीं तोंडें ऐसपैस ठेवण्याची रीत पडली, आणि मग नवल असें घडूं लागलें कीं, तोंड मोठें असूनही धूर खोलींत परत येई.

या कोड्याचा शास्त्रीय उलगडा करणाऱ्यांत बेंजामिन फ्रँकलिन हा अग्रगण्य होता. १७८५ सालीं वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षीं तो फ्रान्सहून अमेरिकेस परत जात असतां जहाजावर त्यानें यान इंगेनहौझ या शास्त्रज्ञास एक दीर्घ पत्र लिहिलें. त्याचा विषय होता धुरकट धुराड्यांचीं कारणें व उपाय. पहिलेंच कारण त्यानें असें दिलें कीं, नवीं घरें घट्ट दारांखिडक्यांचीं असतात; आंत हवा येत नाहीं, म्हणून धूर बाहेर जात नाहीं. दुसरें कारण म्हणजे धुराड्याचें तोंड फाजील मोठें असणें. तोंड मोठें असलें म्हणजे विस्तवाजवळून न जाणारी थंड हवाच वर ओढली जाते, आणि ओढ मंद पडते.

माप काढण्याची त्याची युक्ति तर कोणाही सुताराला करतां येण्याजोगी होती. विस्तव चांगला पेटवून दार उघडें ठेवावें व धूर नाहींसा झाला म्हणजे तें हळूहळू लोटीत जावें. धूर पुन्हां खोलींत येऊं लागतो त्या जागीं थांबावें, दार किंचित् मागें घ्यावें आणि उरलेली फट मोजावी. आठ फूट उंचीच्या दाराला अर्ध्या इंचाची फट लागली, तर त्या खोलीस अठ्ठेचाळीस चौरस इंच, म्हणजे सहा इंच बाय आठ इंच, इतकी हवेची वाट पाहिजे. जितकी हवा जावयाची, तितकीच आली पाहिजे, हा नियम त्यानें अशा रीतीनें हातांत मोजपट्टी देऊन शिकविला.

पुढें अकराच वर्षांनीं, १७९६ सालीं, बेंजामिन टॉम्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड यानें आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यानें धुराड्याच्या गळ्याकडे लक्ष वेधलें. हा गळा आगीच्या वर बरोबर असावा आणि त्याची खोली चार इंच असावी, असें त्यानें ठरविलें. बाजूच्या भिंती तिरप्या करून उष्णता खोलींत परतविली. लंडनमधील अनेक घरांतील धुराडीं त्यानें अशा प्रकारें सुधारलीं. मोठीं तोंडें लहान झालीं, आणि धूर कमी होऊन ऊब वाढली.

हाच नियम आपल्या चुलीसही लागू पडला. वर्ध्याच्या मगनवाडींत ग्रामोद्योगाचें काम १९३४ पासून सुरू झालें व तेथूनच मगन चूल पुढें आली. तिच्यांत आग झांकलेली असून धुरास नळीची वाट असते. हैदराबाद येथील अभियंते एस. पी. राजू यांनीं १९५३ सालीं लक्षावधींसाठीं निर्धूर स्वयंपाकघरें कशीं करावीं, याविषयीं पुस्तक लिहिलें. परंतु नळींत काजळी सांचली कीं माप बदलतें, आणि भांडें वैलावर नीट बसलें नाहीं कीं धूर तेथूनच बाहेर येतो. मापाबरोबर निगाही लागते, हें या चुलींनीं शिकविलें.

आतां विजेच्या चिमणीकडे यावें. पंखा जोडल्यानें नियम बदलत नाहींत. तिची रुंदी शेगडीइतकी तरी असावी. दोन्ही बाजूंस तीन-तीन इंच अधिक असल्यास उत्तम. गॅसच्या ज्योतीपासून ती साधारण २६ ते ३० इंच उंच असावी. अधिक उंच गेल्यास धूर पसरतो व रुंदी अपुरी पडते. पंख्याच्या शक्तीविषयीं अमेरिकेंतील होम व्हेंटिलेटिंग इन्स्टिट्यूटनें असें सुचविलें आहे कीं, भिंतीलगतच्या चिमणीस शेगडीच्या दर फूट रुंदीमागें मिनिटास १०० घनफूट हवा बाहेर काढतां आली पाहिजे. दोन फुटी शेगडीस हें माप ताशीं सुमारें ३४० घनमीटर होतें. फोडण्या व तळण जास्त असल्यास, किंवा नळीस वळणें असल्यास त्यांत भर घालावी.

परंतु बाजारांत बाराशें घनमीटरांची चिमणीही सहज मिळते. दहा फूट लांब, आठ फूट रुंद व दहा फूट उंच अशा स्वयंपाकघरांत एवढी हवा निघूं लागली, तर खोलींतील सगळी हवा तासांत पन्नासाहून अधिक वेळां बदलावी लागेल. खिडकी बंद असल्यास ती हवा येणार कोठून? घरांत गॅसचा गीझर असेल, तर त्याच्या नळींतून विषारी वायु उलट आंत खेंचला जाण्याचें भय असतें.

म्हणून चिमणी विकत घेतांना प्रथम शेगडीची रुंदी मोजावी, मग नळीचीं वळणें मोजावीं, आणि शेवटीं खिडकी पाहावी. फ्रँकलिनची मोजपट्टी आजही स्वयंपाकघरांत तेवढीच उपयोगी पडते.