चावीचा कॅमेरा आणि आत्याची साक्ष

आमच्या लोधिवली गावात सिनेमाचा कॅमेरा कोणत्या साली आला, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. आत्या म्हणते, तिच्या लग्नाच्या आदल्या उन्हाळ्यात. नाना म्हणतात, छे, तेव्हा रसायनीकडे कारखान्यासाठी जमिनींच्या मोजण्या सुरू झाल्या होत्या, म्हणजे नंतरच. शेजारच्या आजींच्या हिशेबात साल हा प्रकारच नाही. त्यांची ढवळी गाय त्या वर्षी दोनदा आटली होती, एवढे त्यांना पक्के आठवते.

हा वाद शेवटी फिल्मनेच बराचसा मिटवला. कोडॅक आपल्या फिल्मच्या कडेवर चौकोन, त्रिकोण, गोल अशा बारीक खुणा छापत असे. त्यांवरून फिल्म कारखान्यात कोणत्या वर्षी तयार झाली ते कळते. गंमत अशी की या खुणा वीस वर्षांनी पुन्हा त्याच येत. आमच्या रिळावरची खूण १९४१ चीही असू शकत होती आणि १९६१ चीही. पण १९४१ साली आत्या जन्मलीच नव्हती आणि रिळात ती परकर सावरत पळताना दिसते. तेव्हा १९६१ ची फिल्म, आणि ती वापरली गेली त्याच वर्षी किंवा पुढच्या. आत्या जिंकली. नाना अजून "फिल्म जुनी विकत घेतली असंल" म्हणतात, ते सोडून देऊ.

कॅमेरा आणला बोटीवरच्या काकांनी. हे माझ्या वडिलांचे मावसभाऊ, बोटीवर कामाला. एडनला बोट लागली की खलाशी तिथे स्वस्तात घड्याळे, रेडिओ, कापड घेत. काकांनी घेतला कोडॅकचा ब्राउनी, आठ मिलिमीटरचा. हा कॅमेरा अमेरिकेत १९५१ साली निघाला तो मुद्दाम साध्या माणसासाठी. भिंग जुळवायची भानगड नाही, सेल नाहीत. ऊन किती आहे ते बघून एक चकती फिरवायची, कुशीतली चावी पिळायची आणि बटण दाबायचे. एका पिळात साधारण अर्धा मिनिट चाले. आत्या त्याला अजूनही चावीचा कॅमेरा म्हणते. त्याच्या आवाजाची नक्कल ती जीभ टाळूला लावून इतकी हुबेहूब करते की नातवंडे ती पुन्हा पुन्हा करायला लावतात.

पहिल्या दिवशी काकांनी ओट्यासमोर सगळ्यांना उभे केले. सगळे उभे राहिले, आणि राहिलेच. पनवेलच्या स्टुडिओत लग्नाचा फोटो काढलेल्या दोघा-तिघांनी बाकीच्यांना शिकवून ठेवले होते, की श्वास रोखायचा आणि हलायचे नाही. काका कॅमेऱ्यामागून ओरडत होते, "अरे हला! जरा चाला, बोला!" आजोबांनी ओठ न हलवता उत्तर दिले, "फोटू काढताना हलाचा नाय." फिल्मवर हे सगळे आहे. पंधरा-वीस माणसे खांबासारखी उभी, मागून एक कोंबडी निवांत चालत जाते, आणि हालचाल म्हणावी तर तेवढीच. पुढच्या तुकड्यात मात्र कोणीतरी हसले आहे आणि रांग फुटली आहे. तिथून पुढे गाव चालायला लागते.

आठ मिलिमीटरची ही युक्ती कोडॅकने १९३२ साली काढली. त्याआधी घरगुती सिनेमासाठी १९२३ पासून सोळा मिलिमीटरची फिल्म होती. पण तिचा खर्च मोठा, म्हणून ती संस्थानिकांना, गिरणीमालकांना परवडे. कोडॅकने केले काय, तर सोळाचीच पंचवीस फूट फिल्म कॅमेऱ्यात घालायची आणि आधी तिच्या अर्ध्या रुंदीवर चित्रे घ्यायची. मग सावलीत कॅमेरा उघडून रिळे उलटी लावायची आणि उरलेल्या अर्ध्या रुंदीवर पुन्हा. धुऊन झाल्यावर प्रयोगशाळा ती मधोमध चिरून जोडून देई. झाली पन्नास फूट, चालायची जेमतेम चार मिनिटे. चार मिनिटांत एक गाव, एक लग्न, एक भाताची लावणी बसवायची होती. काका म्हणे बटण दाबण्याआधी खूप वेळ नुसते बघत राहायचे. आज आपण फोनवर तासभर चित्रण करतो आणि ते परत कधी बघत नाही. ब्राउनीवाल्याला ही चैन नव्हती, आणि त्याची चित्रे आपल्याहून बरी असतात याचे निम्मे कारण मला तरी हेच वाटते.

भरलेली फिल्म डबीत घालून टपालाने जाई. ती मुंबईहून पुढे कुठे जाते ते घरात कुणालाच ठाऊक नव्हते. कित्येक आठवड्यांनी पिवळी डबी परत येई. यातही एक जुनी परंपरा आहे. १८९६ च्या जुलैत ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. त्यानंतर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी लंडनहून २१ गिनींचा कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनला कुस्ती चित्रित केली. ती फिल्मसुद्धा धुवायला लंडनलाच पाठवावी लागली होती. १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिज गाजवून मुंबईत उतरले, तेव्हा तो सत्कारही सावेदादांनी टिपला. मुरडी गावचा मुलगा परत आला, म्हणून कॅमेरा चालवला गेला. कोकणातल्या कुठल्याही घरात कॅमेरा याच कारणासाठी बाहेर निघतो.

आणि दादासाहेब फाळके? आमच्या बोरघाटाच्या वरच, मळवलीला, रवि वर्म्यांचा छापखाना होता. फाळक्यांनी त्या छापखान्यासाठी काम केलेले. १९१२ साली ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. 'राजा हरिश्चंद्र'ला अजून अवकाश होता, पैसेही नव्हते. तेव्हा त्यांनी दादरच्या घरात कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरलेल्या वेळी एकेक चौकट टिपत महिनाभर तो उगवताना चित्रित केला. 'अंकुराची वाढ' पाहून सावकार पैसे द्यायला तयार झाले. फिल्मला भोके पाडणे, ती कॅमेऱ्यात भरणे, रात्री धुणे ही कामे सरस्वतीबाईंनी घरकाम सांभाळून केली. पुढे पडद्यावर मुलगा भालचंद्र रोहिदास झाला, मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. भारतीय सिनेमाचा इतिहास सांगताना आपण या सगळ्याला उद्योगाची सुरुवात म्हणतो. मला तो आधी घरगुती सिनेमा दिसतो. घरातली माणसे, घरातली कुंडी, आणि मोडलेले घरचे दागिने.

एकट्या माणसाच्या हट्टाने केवढे काम होते, त्याचे दुसरे उदाहरण नामदेवराव व्हटकरांचे. ६ डिसेंबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिल्लीत निवर्तले आणि ७ तारखेला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. त्या महायात्रेचे चित्रण करायचे म्हणून व्हटकरांनी आपली मालमत्ता गहाण ठेवून पैसा उभा केला. त्यांचा कॅमेरा घरगुती नव्हता, पण पैसा घरचा होता. घरगुती कॅमेऱ्यानेही कधी इतिहास टिपला. सात वर्षांनी डॅलसमध्ये केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा कपड्यांचा व्यापारी अब्राहम झप्रूडर आठ मिलिमीटरचा चावीचा बेल अँड हॉवेल घेऊन उभा होता. त्याची सव्वीस सेकंदांची फिल्म आजही पुरावा म्हणून तपासली जाते.

आमच्या रिळात असे काही घडत नाही. चौकच्या बाजाराला निघालेल्या बैलगाड्या, पुण्याच्या रस्त्यावरची एक मोटार, मागे माणिकगड, आणि खूपसा भात. रंग मात्र तसेच आहेत. कोडॅकची कोडाक्रोम ही रंगीत फिल्म अंधारात ठेवली तर पिढ्यान्‌पिढ्या फिकी पडत नाही. त्यामुळे पेटीच्या तळाशी पडलेल्या त्या आवणाचा हिरवा रंग अजून डोळ्यांत भरतो. यातली काही शेते आता शेते नाहीत. हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स १९६० साली स्थापन झाली, रसायनीला तिचा कारखाना आला. १९८२ साली पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिस्टरचा कारखाना सुरू झाला. नाना पडद्याकडे बोट दाखवून सांगतात की इथे आता कंपाउंडची भिंत, इथे टाकी, इथे ट्रक उभे राहतात. सात-बाराच्या उताऱ्यावर जे सापडायचे नाही ते त्यांच्या बोटाला ठाऊक आहे.

गावाने ही फिल्म त्या काळात पाहिलीच नाही. प्रोजेक्टरला वीज लागते. खोपोलीच्या टाटांच्या वीजघरातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज जात होती. त्या तारांखालच्या आमच्या आजीला मात्र संध्याकाळी कंदिलाची काच पुसावी लागे. फिल्म पाहिली गेली लालबागच्या चाळीत, चादरीवर, गिरणीतल्या नातलगांसमोर. मुंबईच्या लोकांनी गाव पाहिले आणि गावाला नुसते कळले की आपण मुंबईत दिसलो.

परवा-परवा ती स्कॅन करून आणली. त्यातल्या एका तुकड्यात सगळे विचित्र दिसू लागले. मांडवात नवरदेव उभा आणि त्याच्या मुंडावळ्यांतून चिखलात वाकलेल्या बायका लावणी करताहेत. भटजींच्या पोटातून बैल जातो. पोरांना वाटले हा मुद्दाम केलेला प्रकार आहे. काकांची गफलत होती ती. आठ मिलिमीटरची फिल्म दोन्ही बाजूंनी भरली की परत मूळ रिळावर येते आणि दिसायला अगदी कोरी दिसते. काकांनी वैशाखातले भरलेले रीळ आषाढात नवे समजून चढवले. आत्या मात्र अजिबात गोंधळली नाही. दोन थर तिने भराभर सोडवून दिले. "ही लावणीतली, ही वऱ्हाडातली. आणि ही दोन्हींकडं आहे, ती माझी आई."

आजीचे तोंड त्यात कुठेच दिसत नाही. ती पाठमोरी आहे, डोक्यावर पाटी, उजवा पाय किंचित ओढत चालते. आत्याने तिला चालीवरून ओळखले. आमच्याकडे आजीचा एक फोटो आहे, भिंतीवर, हार घातलेला. तो पाहून मला कधी वाटले नव्हते की ती पाय ओढत असे. लहानपणी विळा लागला होता, हे आत्याला त्या दिवशी आठवले आणि तिने पहिल्यांदाच सांगितले. जुन्या कॅमेऱ्यांचे आकर्षण लोक रंगांत, ओरखड्यांत, थरथरीत शोधतात. हल्ली फोनवर तसे ओरखडे पाडून देणारी सोयही मिळते. कोडॅकने २०१६ साली नव्या सुपर एट कॅमेऱ्याची घोषणा केली. तो २०२३ च्या अखेरीस बाजारात आला तो ५,४९५ डॉलरना, म्हणजे साडेचार लाखांच्या घरात. घेणाऱ्यांनी खुशाल घ्यावा. पण ओरखडे विकत मिळाले तरी चाल मिळत नाही.

शिवाय फिल्म मुकी. रिळात नदीवर एक बाई कॅमेऱ्याकडे बघून तावातावाने काही बोलते. आत्या म्हणते, ती काकांना जेवायला बोलावते आहे. नानांच्या मते ती शिव्या देते आहे, कारण काका तिच्या धुतल्या लुगड्यावर उभे आहेत. मी तो तुकडा थांबवून पाहिला. काका अर्थात दिसत नाहीत, पण लुगड्याचे टोक चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात आहे. माझे मत नानांना.

एक गोष्ट मात्र खटकत राहिली. फिल्मच्या मधोमध आमचेच घर आहे. ज्याच्या घरी कॅमेरा त्याचा ओटा मधोमध, बाकी गाव कडेला. रस्त्याच्या कडेने मोळी घेऊन एक कातकरी झपाझप जातो, चार सेकंद असेल नसेल. आमच्या घरात कुणालाच त्याचे नाव माहीत नव्हते आणि साठ वर्षांत कुणी विचारलेही नव्हते. नाना फोन घेऊन वाडीवर गेले. तिथे एका म्हातारीने आधी मान हलवली. मग पुन्हा लावायला सांगितले आणि तिसऱ्यांदा बघताना ती हसली. त्याच्या नातवाने ते चार सेकंद स्वतःच्या फोनवर घेतले. त्या घरात त्याचा एकही फोटो नव्हता.

तुमच्याकडे अशी डबी असेल तर आधी उघडून वास घ्या. जुनी फिल्म अ‍ॅसिटेटची असते. कोकणच्या दमट हवेत ती कुजायला लागली की व्हिनेगरचा उग्र वास येतो, आणि एकदा सुरू झालेली कूज थांबत नाही, फक्त थंड कोरड्या जागी ठेवून लांबवता येते. (पॉलिस्टरची फिल्म असती तर हा त्रास नव्हता. पॉलिस्टर आमच्या गावाशेजारी तयार होते, पण कोडॅकने काकांना विचारले नाही.) हौसेने जुन्या प्रोजेक्टरवर चढवू नका, आकसलेली फिल्म दात्यांत फाटते. स्कॅन करून घ्या. मग फोन आणि वही घेऊन म्हाताऱ्यांकडे जा, आपल्या आळीतल्या आणि पलीकडच्या वाडीतल्याही. पाठमोऱ्या माणसांपाशी फिल्म थांबवू नका, चालू द्या, आणि नावे लगेच लिहून घ्या.