मुंबईच्या जुन्या वस्त्या आणि समलिंगी व्यक्तींचे वास्तव्य : एक ऐतिहासिक विचार

1867 मध्ये लोहमार्ग अकोला व बडनेरा या मार्गाने नागपूरपर्यंत पोहोचला आणि वऱ्हाडचा कापूस रेल्वेने कुलाब्याच्या कापूस बाजारात उतरू लागला. कापसामागोमाग माणसेही गेली. कोणी पोटासाठी गेले, कोणी शिक्षणासाठी. ज्या गावात आडनाव सांगताच घराणे ओळखले जाते, तेथे आपल्या मनाजोगे जगता येणार नाही हे उमजल्यामुळे गेलेलेही काही होते. अमरावती-अकोल्याच्या इतिहासलेखनात या शेवटच्या कारणाची नोंद सापडत नाही, कारण जाणाऱ्याने ते कधी सांगितलेच नाही. अशा समलिंगी व्यक्तींना मुंबईने निनावीपण दिले, हे सर्वमान्य आहे. परंतु तिच्या जुन्या वस्त्यांनी त्यांना घर दिले काय, हा प्रश्न वेगळा असून प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

पाश्चात्त्य देशांतील किनारी महानगरांत अशा वस्त्या निर्माण झाल्या. सॅन फ्रान्सिस्कोमधील कॅस्ट्रो हा मुळात आयरिश वंशाच्या कामगारांचा भाग. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील कुटुंबे उपनगरांकडे सरकली, घरे रिकामी पडली व स्वस्त झाली. एकेकट्या पुरुषांनी ती भाड्याने किंवा विकत घेतली. हार्वे मिल्क यांनी 1973 मध्ये तेथे छायाचित्रणाच्या साहित्याचे दुकान थाटले आणि 1977 मध्ये ते शहराच्या पर्यवेक्षक मंडळावर निवडून आले. पुढच्याच वर्षी त्यांची हत्या झाली. यातील महत्त्वाचा भाग असा की, आधी घर मिळाले, घरांची वस्ती झाली आणि वस्तीमुळे मते एकवटली.

मुंबईत पहिलीच पायरी चढता आली नाही. या शहरातील निवास प्रारंभापासून ज्ञाती व धर्म यांच्या आधारे संघटित झाला. देशातील आद्य सहकारी गृहसंस्थांपैकी एक मानली जाणारी सारस्वत गृहनिर्माण संस्था 1915 मध्ये गावदेवी येथे स्थापन झाली, ती एका ज्ञातीसाठी. दादरची पारशी वसाहत, वांद्र्याची कॅथलिक संस्था यांचे स्वरूपही तसेच होते. ज्या सहकाराचे आपण आधुनिकतेचे लक्षण म्हणून कौतुक करतो, त्याचे गृहनिर्माणातील पहिले पाऊल जुन्याच चौकटीत पडले, हे विसरता येत नाही.

गिरणगावाचे चित्र वरकरणी निराळे दिसते. 1911 च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे साडेपाचशे स्त्रियाही नव्हत्या. चाळीतील एकेका खोलीत अनेक पुरुष पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. यावरून त्या खोल्यांतील संबंधांविषयी तर्क लढविण्याचा मोह होतो. परंतु पुराव्याअभावी तो आवरणे इष्ट. शिवाय त्या खोल्याही गाव, नाते व जात यांच्या आधारेच भरत. खोलीतील माणूस गावच्या नजरेतून सुटलेला नसे. वर 1862 पासून अंमलात आलेल्या भारतीय दंड संहितेचे कलम 377 होतेच.

घराच्या प्रश्नाला निर्णायक वळण दिले ते भाडे नियंत्रणाने. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठविली. गरीब व मध्यमवर्गीय भाडेकरूंना याचा मोठा आधार झाला, यात शंका नाही. पण जुनी घरे सहजी रिकामी होईनाशी झाली. ती पागडी देऊन हस्तांतरित होऊ लागली किंवा भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जाऊ लागली. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानेही हा वारसा ‘कुटुंबातील’ व्यक्तीलाच दिला. पत्नी, मुलगा, सून यांना भाडेपावतीचा हक्क पोहोचतो. तीस वर्षे एकाच छताखाली राहिलेल्या मित्राला किंवा मैत्रिणीला त्याच शब्दांच्या बळावर तो सांगता येणे कठीण. कॅस्ट्रोमध्ये कुटुंबे निघून गेल्यामुळे जागा झाली. गिरगाव-दादरमध्ये कुटुंब असल्याखेरीज जागा टिकत नव्हती. हा भेद केवळ संस्कृतीच्या नावावर टाकणे अपुरे आहे.

त्यामुळे एकट्या व्यक्तीच्या वाट्याला वसतिगृह, कॉट बेसिस अथवा ‘पेइंग गेस्ट’ची खोली येई. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (2006) या पुण्यात घडणाऱ्या कादंबरीत भाऊ व बहीण दोघेही ज्याच्या प्रेमात पडतात, तो घरात ठेवलेला असाच एक भाडेकरू आहे, हे अर्थपूर्ण वाटते.

वस्ती नसली तरी भेटीची ठिकाणे होती. 1990 च्या दशकात कुलाब्यातील एका पबमध्ये शनिवारी रात्री अशी मंडळी जमत. मात्र कुलाबा हे जमण्याचे स्थान होते. शेवटच्या लोकलने परतायचे ते बोरिवलीला किंवा डोंबिवलीला. अशोक राव कवी यांनी 1990 मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले व 1994 मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ स्थापन झाला. या संस्थेला जागा मिळाली ती सांताक्रूझ पूर्वेकडील वाकोला येथील महानगरपालिकेच्या जुन्या इमारतीत. एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामामुळे पालिकेचे दार उघडले. ऐतिहासिक स्थळ म्हणून पाटी लावायचीच झाली, तर ती प्रथम या साध्या इमारतीवर लागावी.

तृतीयपंथीयांची स्थिती याहून भिन्न होती. गुरू-चेला परंपरेवर उभी असलेली त्यांची घराणी हे एक पर्यायी कुटुंबच होते. त्यामुळे वारसा व सामूहिक निवास या दोन्ही गोष्टी त्यांना, बहिष्कृत अवस्थेत का होईना, साधता आल्या. समलिंगी पुरुष व स्त्रिया यांच्याकडे अशी संस्था नव्हती. स्त्रियांचे तर एकटे राहणेच संशयास्पद मानले जाई.

16 ऑगस्ट 2008 रोजी ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीकडे ‘क्वीअर आझादी’ मोर्चा निघाला. गावदेवी तेथून हाकेच्या अंतरावर आहे. ज्या परिसरात ज्ञातिनिष्ठ सहकारी निवासाची सुरुवात झाली, त्याच परिसरातून हे लोक उघडपणे चालत गेले. पण तेथे घर मागण्याची त्यांची स्थिती नव्हती. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या प्रकरणात सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा अधिकार मान्य केला होता. 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले. 17 ऑक्टोबर 2023 रोजी मात्र त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्यास नकार दिला.

त्यानंतर सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र शासनाने जाहीर केले की, शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील समजावे. शिधापत्रिका हा एकत्र राहण्याचा आपल्याकडील सर्वांत ओळखीचा पुरावा असल्याने ही बाब किरकोळ नाही. भाडे नियंत्रण कायद्यातील ‘कुटुंब’ या शब्दाला मात्र या सूचनेचा स्पर्श झालेला नाही. आज गिरगाव व लालबाग येथील चाळी पाडून मनोरे उभे राहत आहेत आणि नव्या इमारतीतील घर कोणाला मिळावयाचे, हे प्रामुख्याने जुन्या भाडेपावतीवरील नावावरून ठरत आहे.