एकोणीस फेब्रुवारी, बारा डिसेंबर

वर्तमानपत्रातले दिनविशेष बहुतेक लोक राशिभविष्याच्या आधी किंवा नंतर ओझरते वाचतात. मी त्यांची कात्रणे ठेवतो. जुन्नर आणि आंबेगाव या माझ्या दोन तालुक्यांपुरते म्हणाल, तर त्यातली दोन पाने मला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटतात.

पहिले पान १९ फेब्रुवारीचे. त्यावर बहुधा तीन नोंदी एकाखाली एक येतात. १४७३ : कोपर्निकसचा जन्म. १६३० : शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म. १९१५ : पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांचे निधन. वाचणाऱ्याला हा एकच दिवस वाटतो. प्रत्यक्षात पहिल्या दोन तारखा जुन्या जुलियन गणनेतल्या आहेत आणि तिसरी आजच्या ग्रेगोरियन गणनेतली. १६३० साली या दोन गणनांत दहा दिवसांचा फरक होता. म्हणजे भिंतीवरच्या आजच्या कॅलेंडरने मोजले तर महाराजांचा जन्म १ मार्चचा ठरतो.

मग आपण १ मार्च का लिहीत नाही? इंग्रजांनी नवी गणना स्वीकारली ती १७५२ साली. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. त्याआधीचे इंग्रज वखारवाल्यांचे सगळे कागद जुन्या गणनेतले. राज्याभिषेकाला रायगडावर हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेनची ६ जून १६७४ ही तारीखही त्यातलीच. शिवकालीन तिथींच्या तारखा त्याच गणनेने काढण्याचा प्रघात आपल्याकडे पडला. जन्म १ मार्चला न्यायचा तर राज्याभिषेक १६ जूनला न्यावा लागेल, आणि मधला एकेक कागद पुन्हा मांडावा लागेल. माझ्या मते आहे तेच बरे. फक्त शाळेत मुलांना हे एकदा सांगायला हवे.

मुळात आपल्याकडे नोंद होती ती तिथीची, आणि तीही सहज हाती आलेली नाही. बखरींच्या आधाराने बराच काळ शके १५४९चा वैशाख, म्हणजे १६२७ साल, धरले जात होते. कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत ती प्रसिद्ध झाली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी नोंद आहे. वार दिला की गणित तपासता येते. १९ फेब्रुवारी १६३० हा शुक्रवारच येतो. पुढे स. म. दिवेकरांना तंजावरला कवींद्र परमानंदांचे ‘शिवभारत’ सापडले. त्यातही तीच तिथी निघाली. गंमत अशी, की हा ग्रंथ छापून आला १९२७ साली आणि जुन्या सालाप्रमाणे जन्माची त्रिशताब्दी साजरी झाली तीही १९२७ सालीच.

आता शिवनेरी वर्षातून दोनदा गजबजते. शासकीय जयंती १९ फेब्रुवारीला. तिथीची जयंती २०२४ मध्ये २८ मार्चला आणि २०२५ मध्ये १७ मार्चला आली. तिथी होळीनंतर तीन दिवसांची, त्यामुळे आपल्या काळात ती १९ फेब्रुवारीला येणे शक्यच नाही. दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांची तारीख चुकीची म्हणतात. मला विचाराल तर हा वाद इतिहासाचा नाहीच. शके १५५१ची ती तृतीया दोघांनाही मान्य आहे. दरवर्षी ती चंद्रावरून मोजायची की सूर्यावरून, एवढाच प्रश्न आहे.

जुन्नरचे हे पान जन्माचे. आंबेगावचे पान मृत्यूचे. १२ डिसेंबर. तिथे कोणतेही गणित बदलावे लागत नाही. १९११ : दिल्ली दरबारात सम्राट पंचम जॉर्ज यांची राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा. १९३० : मुंबईत बाबू गेनू यांचे बलिदान. १९४० : शरद पवार यांचा जन्म. मधली ओळ महाळुंगे पडवळच्या शेतकरी घरातल्या मुलाची आहे. १९०८चा जन्म, पोटासाठी तो मुंबईला गेला आणि गिरणीत लागला. काळबादेवीच्या रस्त्यावर परदेशी कापडाचा ट्रक अडवताना तो त्याच चाकाखाली गेला, तेव्हा वय बावीस.

राजाच्या जन्माचा दिवस शकावलीकाराने, कवीने लिहून ठेवला. गिरणी कामगाराच्या दाराशी कोण शकावली लिहायला बसणार? त्याचा दिवस रस्त्यावर, लोकांच्या डोळ्यांदेखत ठरला, म्हणून तो पानावर आला. दरबाराची ओळ आणि त्याची ओळ यांत एकोणीस वर्षांचे अंतर आहे. छापताना मात्र त्या एकमेकींना चिकटून येतात. माझ्या संग्रहातल्या काही कात्रणांत दरबार आहे आणि बाबू गेनू नाही. तोही शुक्रवारच होता. त्या कात्रणांच्या समासात मी पेन्सिलीने नाव, गाव आणि वार लिहून ठेवले आहेत.