फडापासून फोनपर्यंत : सातारा-सांगलीच्या चळवळींची माध्यमे

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि वाई, कऱ्हाड, वाळवा असे टप्पे घेत खाली उतरते. आज हा मुलूख सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत वाटलेला असला, तरी १९४९ पर्यंत तो मुख्यतः एकाच सातारा जिल्ह्यात होता. मध्येमध्ये औंध, सांगली, मिरज अशा संस्थानांचे तुकडे पसरलेले असत. येथील चळवळींना मोठी वृत्तपत्रे क्वचितच जवळची वाटली, त्यामुळे आपली बातमी आपणच पोहोचवण्याची सवय या भागाला फार पूर्वी लागली.

महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. त्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी या विचाराचे ‘दीनबंधु’ हे पत्र सुरू केले. मात्र ज्यांच्यासाठी ते निघत होते, त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. ही अडचण सत्यशोधक जलशाने सोडवली. जलशाने तमाशाचा साचा तसाच ठेवला आणि आतला मजकूर बदलला. गणात गणपतीऐवजी ‘गण’ म्हणजे लोक असा अर्थ लावला जाई, तर वगात भटजी, कुळकर्णी आणि सावकार उभे राहत. ढोलकी वाजली की गाव आपोआप गोळा होई, त्यासाठी वेगळी जाहिरात लागत नसे. १९१९ ते १९२१ या काळात सातारा जिल्ह्यात कुळांनी जमीनमालकांविरुद्ध जो असंतोष प्रकट केला, त्यामागे या फडांचा वाटा छापील पत्रांपेक्षा मोठा मानावा लागेल.

१९४२ च्या ‘भारत छोडो’ आंदोलनात परिस्थिती अधिक कठीण झाली. तासगाव, वडूज आणि इस्लामपूरच्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूजला ९ सप्टेंबरला आणि इस्लामपूरला त्याच्या दुसऱ्या दिवशी गोळीबार झाला. त्यानंतर कार्यकर्ते भूमिगत झाले आणि क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाने ओळखले जाणारे प्रतिसरकार उभे राहिले. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांचे गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र २७ ऑगस्टला सुरू झाले, पण १२ नोव्हेंबरला पोलिसांनी ते पकडले. यंत्र एकच असले की हा धोका असतोच. कृष्णाकाठी असे एकच केंद्र नव्हते. सायक्लोस्टाइल केलेली बुलेटिने रात्री हातोहात पुढे जात आणि गावचावडीपाशी वाचली जात. शाहीर शंकरराव निकमांचे पोवाडे गर्दीला माहिती आणि हिंमत दोन्ही देत. त्यांतले काही तरुण ग. दि. माडगूळकरांनी लिहून दिलेले होते.

अफवाही कामाला आली. प्रतिसरकार गुंडांना आणि पोलिसांच्या खबऱ्यांना तळपायांवर काठ्या मारण्याची शिक्षा देई. बैलाच्या खुरांना पत्री मारतात तशी माणसांच्या पायांना मारतात, असा त्याचा बोलबाला झाला आणि सरकारचे नावच ‘पत्री सरकार’ पडले. कोणत्याही पत्रकाने इतकी जरब बसवली नसती. कार्यकर्त्यांना शत्रूच्या दळणवळणाचीही पुरेपूर जाण होती, म्हणूनच तारा तोडणे हा त्यांच्या कार्यक्रमाचा ठरलेला भाग होता.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात वृत्तपत्र आणि फड एकत्र आले. आचार्य अत्र्यांचा दैनिक ‘मराठा’ १५ नोव्हेंबर १९५६ रोजी निघाला. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांची शाहिरी मुंबईच्या चाळींपासून कृष्णाकाठापर्यंत ऐकू येत होती. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरू महाबळेश्वरजवळच्या प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण करण्यासाठी आले. त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्र समितीने पसरणी घाटाच्या परिसरात काळ्या निशाणांची निदर्शने केली. जागेची निवड अचूक होती. वाईहून महाबळेश्वरकडे चढणारा रस्ता या घाटातूनच जातो, तेव्हा निशाण पाहिल्यावाचून पाहुण्यांना पुढे जाता येत नव्हते. घोषणा ऐकून घरी परतणारा प्रत्येक माणूस आपापल्या गावचा बातमीदार ठरला.

पुढच्या काळात जगभरच्या आंदोलनांना इंटरनेट सापडले. मेक्सिकोतील झापातिस्त बंडखोरांची निवेदने १९९४ पासून जाळ्यावरून फिरली. १९९९ मध्ये सिअ‍ॅटलच्या निदर्शनांत ‘इंडिमीडिया’ने कोणालाही स्वतःची बातमी थेट प्रसिद्ध करण्याची सोय दिली. इकडे साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झाले. शेती, आरोग्य, ओव्या यांना तिथे जागा मिळाली, पण सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नसल्याने चळवळीच्या बातमीला वाव नव्हता. ती पोकळी मोबाइलने भरली.

२०१६ चे मराठा क्रांती मूक मोर्चे हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. सांगलीला २७ सप्टेंबरला आणि साताऱ्याला ३ ऑक्टोबरला प्रचंड गर्दी लोटली. पुढाऱ्यांची भाषणे नव्हती, व्यासपीठावरही ते नव्हते. मार्ग, वाहनतळ, शिस्तीचे नियम आणि स्वच्छतेच्या सूचना व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून गावोगावी गेल्या. तरी याचे श्रेय एकट्या फोनला देणे चुकीचे ठरेल. हे गट भावकी, तालीम आणि गणेश मंडळ यांच्याच जुन्या ओळखींवर उभे होते. गाव आधीच बांधलेले होते, फोनने फक्त निरोपाचा वेग वाढवला.

या वेगाची दुसरी बाजूही सातारा जिल्ह्याने पाहिली. जलशातला वग सादर करणारा माणूस गावासमोर उभा असे, आणि गावाला त्याला जाब विचारता येई. फोनवर फिरणाऱ्या मजकुराचा कर्ता बहुधा दिसतच नाही. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातील पुसेसावळीत समाजमाध्यमांवरील आक्षेपार्ह मजकुरावरून दंगल उसळली आणि एकाचा जीव गेला. १९४२ मध्ये याच मुलखात तारा चळवळीने तोडल्या होत्या. या वेळी प्रशासनानेच सातारा जिल्ह्याची इंटरनेट सेवा बंद केली.