मास्तरांचें बंड



गडचिरोली जिल्ह्यांतील मुलचेऱ्याच्या परिसरांत मराठी, गोंडी, माडिया यांच्या जोडीला बंगालीही कानीं पडते. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या तेथें वसाहती आहेत. त्यांच्या भाषेंत विद्रोही कवि म्हणजे काझी नझरुल इस्लाम. मराठींत तो मान कोणाचा? मी केशवसुतांचें नांव घेईन. त्यांची 'तुतारी' १८९३ ची, म्हणजे नझरुलांच्या जन्माच्याही सहा वर्षें आधींची.

नझरुलांनीं इंग्रजांचा तुरुंग भोगला. केशवसुत आयुष्यभर पोटामागें फिरणारे शाळामास्तर. मालगुंडच्या दामले घराण्यांतील कृष्णाजी केशव यांचा जन्म १८६६ चा. कांहीं काळ शिक्षण वर्धा-नागपुराकडे झालें. नागपुरास नारायण वामन टिळकांचा स्नेह जडला. पुढें मुंबई, फैजपूर, धारवाड अशी नोकरीची वणवण. अशा भिडस्त माणसानें बंड केलें तरी कोठें?

सर्वजण 'तुतारी'कडे बोट दाखवितात. संमेलनांतून ती इतकी गाजली आहे कीं, तिचा नादच तेवढा आपणांस ऐकूं येतो! मला मात्र १८८८ मधील 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' अधिक धारदार वाटते. सावलीचा विटाळ होईल म्हणून एक ब्राह्मण वाटेवरच्या पोराला हाकलतो, आणि तें पोर आईला त्याचें कारण विचारतें. कवि स्वतः ब्राह्मण. वय बाविशींतलें, मॅट्रिकची परीक्षाही अद्याप व्हावयाची होती. पुढच्याच वर्षीं उपाशी मजूर त्यांच्या कवितेंत आला. वर्ड्स्वर्थ, शेले यांचें वाचन त्यामागें होतें, हें खरें. परंतु विटाळाचा प्रश्न कांहीं विलायतेहून आलेला नव्हता. १८९२ मध्यें त्यांनीं इंग्रजी सॉनेट मराठींत आणलें, तेंही याच स्वतंत्र वृत्तीनें.

७ नोव्हेंबर १९०५ रोजीं हुबळीस प्लेगनें त्यांचा अंत झाला. पाठोपाठ पत्नीही गेली. हयातींत त्यांचें एकही पुस्तक निघालें नाहीं. 'करमणूक'कार हरि नारायण आपटे यांनीं त्यांच्या विखुरलेल्या कविता जमवून प्रसिद्ध केल्या. आज सुमारें १३५ तेवढ्या हातीं आहेत. गडकऱ्यांनीं त्यांचें शिष्यत्व अभिमानानें मिरविलें, मालगुंडास स्मारकही उभें राहिलें. त्यांचें छायाचित्र मात्र कोणाजवळही नाहीं.