इंग्रजी यमकशब्द

इंग्रजी यमकशब्द : आघात असलेला स्वर आणि त्यापुढचे सगळे ध्वनी सारखे, पण त्या स्वराआधीचे व्यंजन वेगळे, असे शब्द इंग्रजीत एकमेकांचे यमकशब्द मानले जातात. ‘लाइट’ (उजेड), ‘काइट’ (पतंग) आणि ‘बाइट’ (चावा) यांचे यमक जुळते, कारण तिन्हींत ‘आइट’ हा भाग समान आहे. आघाताची अट महत्त्वाची आहे. ‘बिगिन’ (सुरू करणे) या शब्दात आघात दुसऱ्या अवयवावर (सिलॅबलवर) पडतो, म्हणून तो ‘विन’शी (जिंकणे) जुळतो. ‘केबिन’मध्ये आघात पहिल्या अवयवावर असल्याने शेवटचे ‘इन’ सारखे असूनही पूर्ण यमक होत नाही. मराठीत आघाताने शब्दांचा अर्थ सहसा बदलत नाही, त्यामुळे मराठी विद्यार्थ्याच्या नजरेतून ही अट निसटते.

संज्ञा : संस्कृत काव्यशास्त्रात यमक हा फार जुना शब्दालंकार आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक हे चारच अलंकार सांगितले आहेत. तिथे यमक म्हणजे तोच वर्णसमूह वेगळ्या अर्थाने पुन्हा येणे. ओळींच्या शेवटी सारखे ध्वनी येणे याला अंत्यानुप्रास म्हणतात आणि इंग्रजी यमक त्याच्या अधिक जवळचे आहे. मराठीत मात्र या दुसऱ्या प्रकारालाच यमक म्हणण्याची रीत आहे. या नोंदीतही तोच अर्थ घेतला आहे.

ध्वनी आणि स्पेलिंग : इंग्रजी यमक कानाने ठरते, अक्षरांनी नव्हे. ‘ब्लू’ (निळा), ‘शू’ (जोडा), ‘थ्रू’ (आरपार), ‘टू’ (दोन) आणि ‘ज्यू’ (यहुदी) यांची स्पेलिंगे पाच तऱ्हांची आहेत, तरी सर्वांच्या शेवटी ‘ऊ’च ऐकू येतो. याउलट ‘टफ’ (चिवट), ‘कॉफ’ (खोकला), ‘दो’ (जरी), ‘थ्रू’ (आरपार) आणि ‘बाऊ’ (झाडाची फांदी) हे पाचही शब्द ओ, यू, जी, एच या चारच अक्षरांनी संपतात, पण त्यांतले कुठलेही दोन जुळत नाहीत. दिसायला जुळणाऱ्या आणि ऐकायला न जुळणाऱ्या अशा जोडीला दृश्ययमक म्हणता येईल. ‘लव्ह’ (प्रेम) आणि ‘मूव्ह’ (हलणे) ही त्याची नेहमीची जोडी. शेक्सपिअरच्या ११६व्या सॉनेटच्या शेवटच्या दोन ओळी याच जातीच्या यमकाने बांधल्या आहेत. पंधराव्या ते अठराव्या शतकांच्या दरम्यान इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार मोठ्या प्रमाणावर बदलले, स्पेलिंग मात्र छपाईमुळे बरेचसे जुन्या जागीच थांबले. आजची बरीचशी विसंगती या काळातून आली आहे.

देवनागरीत ही अडचण जवळजवळ उरत नाही, कारण लिहिलेले आणि बोललेले यांत फारसे अंतर नसते. वरचे शब्द देवनागरीत लिहिले की कोणते जुळतात आणि कोणते नाहीत हे लगेच दिसते. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला ही लिपी अडसर नाही. यमक ओळखण्यासाठी ती उत्तम पहिली पायरी आहे. तिच्या मर्यादाही आहेत. ब्रिटिश प्रमाण उच्चारात ‘कोर्ट’मधला र ऐकू येत नाही. आपण तो उच्चारतो आणि लिहितोही, त्यामुळे इंग्रज कवीने जुळवलेली एखादी जोडी आपल्या कानाला तुटक वाटते.

यमक आणि अर्थ : यमक जुळणाऱ्या शब्दांच्या अर्थांचा एकमेकांशी संबंध असतोच असे नाही. ‘बेल’ (घंटा), ‘वेल’ (विहीर, बरे), ‘शेल’ (शिंपला), ‘सेल’ (पेशी, कोठडी) आणि ‘स्मेल’ (वास) यांना केवळ ध्वनी एकत्र आणतो. म्हणून अर्थाशिवाय केलेली यमकशब्दांची यादी पाठ होते, पण कामी येत नाही. ‘सन’ (सूर्य) आणि ‘सन’ (मुलगा) हे पूर्णपणे एकच ऐकू येतात. आधीचे व्यंजनही सारखे असल्यामुळे त्यांची जोडी पूर्ण यमकात धरत नाहीत. ‘रन’ (धावणे) आणि ‘फन’ (मजा) हे दोघांचेही यमकशब्द आहेत.

काही ठिकाणी यमकावरूनच अर्थ ठरतो. एकाच स्पेलिंगचे दोन उच्चार असतात आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा असतो :

‘बो’ (धनुष्य) : ‘गो’शी (जाणे) जुळतो. ‘बाऊ’ (वाकून नमस्कार करणे) : ‘नाऊ’शी (आता).

‘लेड’ (शिसे) : ‘रेड’शी (लाल). ‘लीड’ (पुढे चालून नेणे) : ‘फीड’शी (खाऊ घालणे).

‘टिअर’ (अश्रू) : ‘हिअर’शी (ऐकणे). ‘टेअर’ (फाडणे) : ‘केअर’शी (काळजी).

‘विंड’ (वारा) : ‘सिन्ड’शी (पाप केले). ‘वाइंड’ (गुंडाळणे) : ‘माइंड’शी (मन).

कवितेत अशा शब्दाचा अर्थ कळेना तर तो ज्या ओळीशी जुळतो तिचा शेवटचा शब्द पाहावा. उच्चार सापडतो आणि उच्चारामागून अर्थही.

प्रकार : एका अवयवाचे यमक (‘किंग–रिंग’) आणि दोन अवयवांचे यमक (‘मोशन–ओशन’) हे मुख्य प्रकार. ध्वनी थोडेच जुळतात तेव्हा त्याला अर्धयमक म्हणतात. अमेरिकी कवयित्री एमिली डिकिन्सन यांनी ते फार वापरले. पहिल्या महायुद्धात १९१८ साली मारला गेलेला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन याने व्यंजने तीच ठेवून स्वर बदलणारी ‘हॉल–हेल’सारखी यमके योजली. अपेक्षित स्वर येत नाही, कान अडखळतो, आणि युद्धातली मोडतोड अर्थाबरोबर ध्वनीतूनही जाणवते. ‘मंथ’ (महिना), ‘ऑरेंज’ (संत्रे) आणि ‘सिल्व्हर’ (चांदी) यांना रोजच्या इंग्रजीत पूर्ण यमकशब्द नाही.

इतिहास : जुनी इंग्रजी कविता प्रामुख्याने ओळीतल्या शब्दांच्या आरंभीच्या ध्वनींवर बांधलेली होती. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच काव्याच्या सहवासात अंत्ययमक रुजले आणि चौदाव्या शतकात चॉसरने ते पूर्ण कौशल्याने वापरले. मिल्टनने ‘पॅरडाइज लॉस्ट’ (१६६७) हे महाकाव्य निर्यमक लिहिले आणि पुढच्याच वर्षी जोडलेल्या टिपणात यमकाच्या बंधनावर कडक टीका केली. शब्दांच्या शेवटच्या अक्षरांप्रमाणे लावलेला जॉन वॉकर यांचा कोश १७७५ साली निघाला. पुढे सुधारलेल्या रूपांत तो दीर्घकाळ कवींच्या हाताशी राहिला. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या पूर्व भागातील कष्टकऱ्यांनी यमकावर आधारलेली सांकेतिक बोली घडवली. तिच्यात जिन्याला, म्हणजे ‘स्टेअर्स’ला, ‘ॲपल्स अँड पेअर्स’ म्हणतात.

मराठीशी तुलना : मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते आणि प्रत्ययांनी सजते. त्यामुळे ‘जातो–गातो–खातो’ किंवा ‘घरी–दारी’ अशी यमके सहज जुळतात. इंग्रजीतले बहुतेक प्रत्यय झिजून गेले आहेत, म्हणून तिथे यमकाचा भार मूळ शब्दावर पडतो आणि यमकासाठी शब्द निवडणे म्हणजे बहुतेक वेळा नवा अर्थ निवडणे ठरते. मराठीतही यमकाच्या जागा एकसारख्या नाहीत. ग्रंथातल्या ओवीत पहिले तीन चरण जुळतात आणि चौथा मोकळा राहतो. मोठ्या अभंगात दुसरा आणि तिसरा चरण जुळतो. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) यमकाला पांडित्याच्या टोकापर्यंत नेले. केशवसुतांनी (१८६६–१९०५) सॉनेटचा चौदा ओळींचा घाट मराठीत आणला आणि त्याबरोबर इंग्रजी यमकरचनाही आली. माधव जूलियन (१८९४–१९३९) यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात मराठी पद्यरचनेचा शास्त्रशुद्ध विचार केला, तसेच गझल मराठीत आणून काफिया (जुळणारा शब्द) आणि रदीफ (त्यामागे जसाच्या तसा परत येणारा शब्द) यांची शिस्त दाखवली.

अणदूर परिसर : एकाच भागात अनेक यमकपद्धती कशा नांदतात याचे उदाहरण म्हणून अणदूरचा परिसर घेता येईल. अणदूर हे धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील, सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे गाव. खंडोबाची मूर्ती वर्षाचा काही काळ अणदूरला आणि काही काळ नळदुर्गजवळच्या मैलारपूरला असते. या भागाचे कान अनेक यमकपद्धतींवर पोसले आहेत. वाघ्या-मुरळीचे जागरण, तुळजाभवानीच्या आराध्यांची गाणी, जात्यावरच्या ओव्या आणि लग्नातले उखाणे यांत अंत्ययमक आहे. याच जिल्ह्यातील तेरचे संत गोरोबाकाका अभंगपरंपरेतले. हा मुलूख १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथे राजभाषा उर्दू होती. उर्दू शेरात ‘दीवाना–परवाना’ असा काफिया जुळतो आणि त्यामागे रदीफ म्हणून तोच शब्द जसाच्या तसा परत येतो. कर्नाटकाची सीमा जवळ असल्यामुळे कन्नडही शेजारची भाषा आहे. जुन्या कन्नड पद्यात जुळणी ओळीच्या शेवटी नसते, प्रत्येक ओळीच्या दुसऱ्या अक्षराचे व्यंजन सारखे ठेवतात. यमक कुठे आणि किती जुळावे याचे नियम भाषेगणिक बदलतात, याची इतकी उदाहरणे हाताशी असलेल्या भागात इंग्रजीचा नियम त्यांतलाच आणखी एक म्हणून शिकवता येतो.

शिक्षण : महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. बालभारतीच्या इंग्रजी पुस्तकांत यमकशब्द ओळखण्याचे स्वाध्याय असतात आणि दहावीत कवितेच्या रसग्रहणात यमकरचना लिहावी लागते. त्यामुळे हा विषय पहिल्या इयत्तेपासून शालान्त परीक्षेपर्यंत सोबत राहतो. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी इंग्लंडमध्ये चार-पाच वर्षांच्या सुमारे चारशे मुलांचा अभ्यास करून १९८३ साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष मांडला. शब्दांतले सारखे ध्वनी ओळखण्याची क्षमता आणि पुढे वाचता येणे यांचा संबंध आहे. ध्वनी ओळखण्याच्या सरावाला अक्षरांची जोड मिळालेल्या मुलांनी वाचनात सर्वाधिक प्रगती केली.

यावरून अध्यापनाचा क्रम ठरतो. आधी शब्द मोठ्याने म्हणायचे आणि जुळणारे वेगळे काढायचे. मग प्रत्येकाचा अर्थ वाक्यातून घ्यायचा. स्पेलिंगे शेजारी मांडून त्यांतले सारखेपण आणि फरक दाखवायचे ते त्यानंतर. फळ्यावरची यादी केवळ उतरवून घेतली तर मूल शेवटची अक्षरे जुळवते, ‘लव्ह’ला ‘मूव्ह’शी बांधते आणि ‘ब्लू–शू’ ही खरी जोडी सोडून देते. उखाणा आणि अभंग ऐकत वाढलेल्या मुलाला यमक म्हणजे काय हे नव्याने सांगावे लागत नाही. त्याची गरज एवढीच की इंग्रजी शब्द त्याच्या कानापर्यंत स्पष्ट उच्चाराने आणि अर्थासह पोचावेत. गावच्या शाळेत हे काम वाचून दाखवणाऱ्या शिक्षकाच्या आवाजानेच होते. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत.