क्वीन्सटाउनचा वारा आणि आईची गोधडी

गेल्या डिसेंबरात आई आली. हॉलमध्ये बसल्या बसल्या म्हणाली, "अरे, केवढं वारं शिरतं या घरात! फटी बुजवत नाहीत का?"

तिचंही बरोबर. देशावरच्या थंडीत वारा म्हणजे वैरी. १७ जानेवारी १९३५ला तर पुण्याचा पारा १.७ अंशांवर उतरला होता! तिच्या माहेरी जाड मातीच्या भिंती, टीचभर खिडक्या. गोठा घरातच, म्हणजे गुरांची ऊब फुकटात. अंगावर जुन्या लुगड्यांची गोधडी, नाहीतर धनगरी घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर, वर चिंचोक्याची खळ. टोचते भारी, पण वाऱ्याला दाद देत नाही.

सिंगापुरात गणित नेमकं उलटं. जुन्या चायनाटाउनमध्ये बिनखिडक्यांच्या खोल्यांत माणसं कोंबलेली आणि क्षयाचा कहर. डॉ. सिम्पसन यांनी १९०७च्या अहवालात सांगितलं, घरांमागे गल्ल्या पाडा, उजेड-वारा आत येऊ द्या. पुढे १९२७ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, १९५०च्या दशकात त्यानेच क्वीन्सटाउन वसवायला घेतलं. १९६०ला एचडीबीच्या पहिल्या सातमजली इमारती इथल्याच स्टर्लिंग रोडवर उभ्या राहिल्या. म्हणजे आईला खुपणारा हा वारा लोकांनी मुद्दाम, जीव वाचवायला घरात घेतलेला!

हे सगळं मी आईला रंगवून सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "मग बेडरूमच्या खिडक्या बंद करून तो एसी कशाला रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आत पोरं एसी लावून तिनेच आणलेल्या गोधडीत गुरफटून झोपली होती.